तात्यांची बैठक हलली

पंच्याण्णव साली जळोचीच्या दिनकरतात्यांच्या घरी दिवसभर गावचं राजकारण शिजायचं, आणि आत बायकोचा, द्वारकाबाईंचा, चहा. घरातच वाढलेली मनी मांजर मात्र पाहुण्यांच्या गादीवर थेंबथेंब मुतू लागली. तात्यांना वाटलं, ही विरोधकांना फितूर झाली.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "खडा नाही. गलक्याचा ताण घेतलाय तिनं. निवांत कोपरा द्या, पाणी भरपूर पाजा. लघवी अडली तर लगेच आणा."

ताण फक्त पुढाऱ्यांना येतो, अशी तात्यांची समजूत. पण मनीवर जीव. बैठक त्याच दिवशी मारुतीच्या पारावर गेली.

द्वारकाबाईंनी चहाचं पातेलं पालथं घातलं.

"गलक्यानं डोकं उठतंय, म्हणून मी इतकी वर्सं सांगत हुते," त्या म्हणाल्या. "गादीवर मुतायचं तेवढं सुचलं न्हाय."