अंबाडीसाठी सास्तूर, व्हाया अण्णांचा दिवा

मागे इथं कुंडीतल्या लाल अंबाडीचा फोटो टाकला, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: आमच्या अंबाडीला पाला उदंड येतो, बोंडं का येत नाहीत? उत्तर एका ओळीचं आहे. पण ते आमच्या घराला मिळालं ते धाराशिवहून सास्तूरपर्यंत धूळ खात जाऊन आणि परत येऊन. शिवाय ज्यांना ते मिळायला हवं होतं, त्यांनी ते घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा तुम्हालाही ते फुकटात मिळणार नाही, माझ्याबरोबर बसमध्ये बसावं लागेल.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. निजामाच्या अमदानीत ते उर्दूत कागद लिहीत आणि कुणी साहेब समोरून गेला की भिंतीला चिकटून उभे राहत. विलीनीकरणानंतर कारभार मराठीत आला, साहेब बदलले, आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक दरख्वास्त केली: आमच्या गल्लीत विजेचा दिवा असावा. ती मंजूर झाली. खांब रोवला गेला तो बरोबर आमच्या अंगणापुढं. त्या दिवसापासून अण्णांची पाठ सरळ झाली असं आई म्हणायची. तिन्हीसांजेला आई देवापुढं दिवा लावायची आणि अण्णा टोपी घालून अंगणात उभे राहून बाहेरच्या दिव्याची हजेरी घ्यायचे. तो लागला की आत यायचे आणि म्हणायचे, "लागला." जसं काही आम्हाला दिसत नव्हतं.

त्याच अंगणात आईचा अंबाडीचा वाफा होता. लग्न होऊन येताना सास्तूरहून तिनं बियाणं पदराच्या गाठीत आणलं होतं. मृगात पेरायची, विरळणी करून उपटलेल्या कोवळ्या रोपांची पहिली भाजी करायची, मग पावसाळाभर पाला खुडायची. दिवाळीच्या सुमारास लाल बोंडं धरली की त्यांची चटणी. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या. त्या घरात आईला कुणाला विचारावं लागत नसे अशी तेवढीच एक जागा होती.

खांब आल्यापासून दोन वर्षं त्या वाफ्यात बोंड धरलं नाही. झाडं माझ्या खांद्याला लागली, पाला असा की म्हशीला घालावा, पण फुलाचा पत्ता नाही. बायका वाट्या तशाच घेऊन परत गेल्या आणि आईच्या हातचा गुण गेला असं बोलू लागल्या. तिसऱ्या वर्षी अण्णांनी निकाल दिला, "तुझ्या माहेरच्या बियाणातच दम राहिला नाही. यंदा बोंडं आली नाहीत तर मार्गशीर्षात वाफा साफ करू, क्रोटन लावू. दिव्याखाली शोभतील." आई त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं एवढंच मागितलं की सास्तूरहून ताजं बियाणं आणू द्या. दिवाळीत कोर्ट बंद होतं. अण्णांनी तेवढा अर्ज मंजूर केला आणि तामील नीट होते की नाही हे पाहायला स्वतःही निघाले.

पहिला मुक्काम तुळजापूर. सकाळच्या एस.टी.त जागा मिळाली तर हा प्रवास सुखाचा आहे, नाही मिळाली तरी छोटा आहे. भाडं किती होतं ते मला आठवत नाही. अण्णांना शेवटपर्यंत आठवत होतं. दर्शनाला जाणाऱ्यांनी सकाळीच जावं, आणि तिथं कुणाची आत्या असेल तर दर्शनानंतर तिच्याकडं जेवायला थांबण्याची तयारी ठेवूनच जावं. माझी आत्या पुजाऱ्यांच्या घरात दिलेली. तिनं पुरणपोळी वाढता वाढता सगळी हकीकत ऐकली आणि वाफ्याला दृष्ट लागल्याचं सांगितलं. कुणाची, तेही तिला माहीत होतं, पण जेवताना नाव घ्यायचं नाही म्हणाली. निघताना आईच्या हातात लिंबू आणि बिब्बा ठेवला. अण्णा आमच्याकडं पाहून हसले. देवीवर त्यांची श्रद्धा होती, बहिणीवर नव्हती.

नळदुर्गचा किल्ला आम्ही बसच्या खिडकीतून पाहिला, कारण उतरलं असतं तर जागा गेली असती. तुम्ही उतरा. अण्णांनी किल्ल्याचा इतिहास सांगायला घेतला तो किल्ला मागं पडल्यावरही बराच वेळ चालू होता. पुढं हैदराबादच्या सडकेला मालट्रका भेटू लागल्या. प्रत्येक ट्रक गेली की मागची धूळ आमच्या बसमध्ये मुक्कामाला येत होती. उमरग्याला उतरलो तेव्हा आईच्या नव्या लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता.

सास्तूरची गाडी सकाळी यायची होती, म्हणून रात्र उमरग्यात काढली. सडकेच्या कडेला गुरम्मा नावाच्या बाईचं पत्र्याचं हॉटेल होतं. ट्रकवाले रात्रभर येत-जात, त्यामुळं तिची गॅसबत्ती संध्याकाळी टांगली की पहाटेपर्यंत फुरफुरत असे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. गुरम्मा तिला कानडीत पुंडी म्हणायची. पाला उकडून, पाणी काढून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. अण्णांनी दोनदा मागून घेतली आणि मग आठवण होऊन कपाळाला आठ्या घातल्या.

सकाळी तोंड धुवायला हॉटेलाच्या मागं गेलो तर तिथं अंबाडीचं कुंपण. हॉटेलाच्या बाजूची झाडं हिरवीगार, नुसता पाला. पलीकडच्या टोकाची, गोठ्याच्या आडोशाला असलेली, बोंडांनी लाल झालेली. आईनं विचारलं की असं कसं. गुरम्मानं ट्रकांच्या धुराकडं बोट दाखवलं. "धूर लागतो. तिकडच्याला न्हाय लागत. मला काय, पाला बी लागतो, बोंडं बी लागतात." ती समाधानी होती. आई मात्र त्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालली. तेवढ्यात व्यंकटमामा, म्हणजे आईचा भाऊ, गाडी घेऊन आला.

उमरग्याहून सास्तूर बैलगाडीनं म्हणजे अख्खा दिवस. हल्ली मोटरसायकलवरची पोरं चहा थंड व्हायच्या आत पोचतात म्हणे. गाडीत बसणाऱ्यांना दोनच सूचना: खाली कडबा भरपूर टाकून घ्या आणि मामाच्या बैलांच्या गुणांबद्दल शंका काढू नका. आम्ही दुसरी पाळली नाही. मामा अण्णांशी वाटेतला नाला येईपर्यंत बोलला नाही.

सास्तूरला पोचलो आणि आईचा चेहराच बदलला. तुरीच्या ओळींमधून, बांधाबांधानं, अंबाडी लाल झाली होती. काही फुलं अजून होती, पिवळट, आत काळपट डोळा. आई गाडी थांबायच्या आत उतरली. संध्याकाळी अंगणात सगळ्याजणी बोंडं सोलायला बसल्या. पाकळ्या काढून आतलं हिरवं बोंडुक बाजूला टाकायचं, पाकळ्या लसूण, मिरची, मीठ घालून पाट्यावर वाटायच्या, उरलेल्या वाळवून ठेवायच्या. मामीनं गूळ घालून पाकळ्यांचं सरबतही केलं. काड्यांचे भारे मामानं ओढ्यात भिजत घातले होते, त्यांचा वाख काढून दोर वळायचे. त्या वासाजवळ जेवू नका, एवढं सांगते.

मामाचं निदान वेगळं होतं. शहराच्या मातीत चुना फार, त्यात अंबाडी रुसते. अण्णांना बियाण्याची शंका होती, आत्याला दृष्टीची, गुरम्माला धुराची. मला कॉलेजला जायचं होतं म्हणून मी खताबद्दल काहीतरी बोलले, ते कुणी ऐकलं नाही. आई कुणाशी वाद घालत नव्हती. अंधार पडला, चिमण्या लागल्या, घरं तेवढी मिणमिणत राहिली आणि शिवार पार काळं झालं. आई ओसरीवर बसून त्या काळोखाकडं बघत होती. मला वाटलं तिला माहेर सोडवत नाही. ते खरंही असेल.

बियाणं फडक्यात गाठ मारून घेतलं आणि निघालो. ते सास्तूर आता शोधू नका. भूकंपानंतर गाव नव्यानं बांधलं, मामाच्या घराची जागा मलाही दाखवता यायची नाही. शेतं आहेत, आणि बांधावर अंबाडीही असते.

परतताना उमरग्याला बसला वेळ होता. आई थेट गुरम्माच्या मागल्या अंगणात गेली आणि बत्ती कुठं टांगतेस म्हणून विचारलं. गुरम्मानं वाशाची खुंटी दाखवली. आई खुंटीखाली उभी राहिली, मग कुंपणाकडं वळून बघितलं. गोठ्याची भिंत जिथं आड येत होती, बरोबर तिथून लाल बोंडं सुरू होत होती. आत्यानं दिलेलं लिंबू तिनं तिथंच गुरम्माला देऊन टाकलं, भाजीत पिळायला.

नळदुर्ग मागं पडल्यावर तिनं तोंड उघडलं.

"अहो, बियाण्याचं काई न्हाय. दिव्यानं होतंय ते."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "कुठला दिवा?"

"आपल्या दारापुढचा. गुरम्माच्या बत्तीम्होरं तीच गत हाय."

अण्णांनी शांतपणे तिला समजावलं की उजेडानं झाड वाढतं, शाळेतल्या पोराला माहीत असतं. दिवसभर सूर्य असतो तेव्हा काही बिघडत नाही, मग एवढ्याशा बल्बनं काय बिघडणार?

"दिवसा काम करतंय ते. रातच्याला तरी त्याला निजू द्यावं की."

अण्णा एवढ्या मोठ्यानं हसले की पुढच्या बाकावरचा माणूस वळला. हसू थांबल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. "तो सरकारी दिवा आहे. माझ्या दरख्वास्तीवर आलेला. तुझ्या अंबाडीसाठी तो विझायचा नाही." तुळजापूर आलं, गेलं. धाराशिव येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले आणि आई मांडीवरच्या बियाण्याच्या गाठीकडं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. मधल्या जागेवर मीच बसले होते.

घरी आल्यावर आईनं बियाण्याची गाठ फडताळातल्या डब्यावर ठेवली. आता पेरून उपयोग नव्हता, मृग लांब होता. आणि मार्गशीर्ष जवळ आला होता. क्रोटनच्या फांद्या अण्णांनी कोर्टातल्या कुणाला तरी सांगूनही ठेवल्या होत्या. मी रोज वाफ्याकडं बघत होते आणि आई बघायचं टाळत होती.

मग एका तिन्हीसांजेला अण्णा टोपी घालून अंगणात गेले आणि तसेच आत आले. टोपी खुंटीला लावली, पाटावर बसले. आईनं भाकरी वाढली. "लागला" हा शब्द त्या घरात ऐकू न येण्याची ती पहिलीच वेळ. मी दारातून डोकावले, गल्ली काळोखात होती. बल्ब गेला होता.

अण्णा म्हणजे नळाच्या तोटीतून थेंब पडला तरी तक्रार लिहिणारा माणूस. शेजारचे मास्तर दुसऱ्या दिवशीच आले, दिवा बंद आहे, तुम्हीच दरख्वास्त करा म्हणाले. अण्णा म्हणाले, "करतो." पुढच्या आठवड्यात मास्तर पुन्हा आले. "करतो." मास्तरांचा पाय खांबाजवळच्या दगडाला ठेचकाळला, तेव्हा अण्णांनी त्यांना हळद दिली आणि म्हणाले, "करतो." क्रोटनच्या फांद्या आल्या, त्या त्यांनी मास्तरांनाच देऊन टाकल्या. मार्गशीर्ष संपला. वाफ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पौष लागतो न लागतो तोच एका सकाळी आईनं मला हाताला धरून अंगणात नेलं. शेंड्याखाली कळ्या होत्या.

बोंडं धरू लागली तेव्हा पालिकेचा वायरमन आपणहून शिडी घेऊन आला. अण्णा कोर्टाला निघाले होते. त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं, आईला चहा टाकायला सांगितलं, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाले, "आज नको. संक्रांत होऊ द्या. आमच्याकडं थोडं काम चालू आहे."

"कसलं काम, साहेब?"

अण्णांनी टोपी नीट केली. "अंधाराचं," ते म्हणाले, आणि कोर्टाला गेले.

तेव्हा ते एका ओळीचं उत्तर: अंबाडीला रात्र लागते. तुमची कुंडी गॅलरीतल्या दिव्यापासून हलवा, दसऱ्यानंतर शेंडे खुडू नका, बाकी ती बघून घेते. मला या प्रवासातून किल्ल्याचा इतिहास उरला नाही, बैलांची नावंही उरली नाहीत. बसमधली ती मधली जागा तेवढी राहिली. अण्णा वारले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी आईला "तुझं खरं होतं" असं कधी म्हटलं नाही, आणि म्हणावं अशी तिनंही कधी वाट बघितली नाही.

संक्रांतीला आईनं अण्णांच्या ताटात ती लाल चटणी वाढली. त्यांनी भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्ली, जरा थांबले, आणखी घेतली.

"तुझ्या माहेरचं नवं बियाणं कसदार निघालं हो," ते म्हणाले.

त्यांच्या पाठीमागं फडताळ उघडंच होतं. डब्यावर सास्तूरची ती गाठ जशी बांधून आणली तशीच बसली होती. आईनं तिच्याकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं, आणि चटणीचं भांडं पुढं सरकवलं.

"व्हय," ती म्हणाली. "अजून घ्या की."