ढोंड्या चावला आणि मी निरोप घेतला

मी एकदा मेले होते. म्हणजे मरण तेवढं आलं नव्हतं, बाकी निरोपाचं सगळं उरकलं होतं. आणि हा सारा थाट एका ढोंड्यापायी.

ढोंड्या म्हणजे पाणदिवड साप. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन, डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारख्या दोन रेघा. विष थेंबभर नाही. पाण्याकाठी बेडूक-मासे खाऊन राहतो बापडा.

ऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल. मी पांढुर्ण्याची, मॅट्रिक झालेली, आणि दिली रामाकोना या गावी. तोरा असा, की साऱ्या तालुक्यात अक्षर ओळखणारी जणू मी एकटीच. पावसाळा सरला की सासूबाई नाल्याच्या अरुंद जागी बांबूची टोपली लावून ठेवत. रात्रीतून तीत मासे अडकत. संत्र्याच्या बागेत कामाला जाण्याआधी त्या ती काढून आणत. त्या सकाळी मीही गेले, आणि म्हणाले, "आत्याबाई, आज मले काढू द्या."

"आंधी आत पाय, कोन बसून राहिलं ते," त्या म्हणाल्या.

मी कशाला पाहते? थेट कोपरापर्यंत हात घातला.

आत मासे होते, आणि माशांमागे शिरलेला तोही होता. पोट भरलेलं, बाहेरची वाट सापडत नाही, त्यात माझा हा बांगड्या वाजवणारा हात. चावला. मी किंचाळून हात ओढला, टोपली कलंडली, आणि त्यानं मान उचलून अशी चपटी केली की मला फणाच दिसला. भ्यालेला ढोंड्या नागाचं सोंग घेतोच. माझ्या पुस्तकात ते नव्हतं. हातातून रक्त ठिबकत होतं.

"नाग व्हय, आत्याबाई. मी गेली."

सासूबाईंनी माझा हात धुतला, उलटासुलटा करून पाहिला. टोपलीकडे पाहिलं. काठावर बसून माझं डोकं मांडीवर घेतलं.

मग मी सुरू झाले. हिरवी साडी नणंदेला देऊ नका, तिला तो रंग शोभत नाही. परवा दूध मांजरीनं सांडलं नव्हतं, मीच प्याले होते. सासूबाई नुसतं "हूं" म्हणत होत्या. मग शेजारणीजवळ ठेवलेली, अजून अंगावर पिणारी माझी लेक आठवली.

"तिले शिकवजा, आत्याबाई. मलेही पुढं शिकाचं होतं. सौंसरच्या शाळेत बाई व्हाचं होतं. तुमाले कधी सांगतलं नाही, भेव वाटे."

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लेकुरवाळ्या सुनेनं पुस्तक धरायचं, म्हणजे घरातला मजुरीचा एक हात कमी. विचारायची सोयच नव्हती.

माझ्या केसांतून फिरणारा सासूबाईंचा हात थांबला. ढोंड्या तेवढ्यात पाण्यात उतरला होता. डोकं तेवढं वर, मागे अंगाच्या वेलांट्या, असा पलीकडच्या काठाला निघाला. तिथल्याच बिळांत यांच्या माद्या अंडी घालतात आणि पिलं बाहेर येईपर्यंत अंड्यांना वेटोळं घालून बसतात. पुढे मी ते पाहायला मुद्दाम त्या काठावर जायची. त्या दिवशी मात्र डोळे मिटून मरणाची वाट पाहत पडले होते.

ते काही येईना. रक्त थांबलं. हातावर नागाच्या दोन दातांच्या खुणा नव्हत्याच, टाचण्या टोचल्यासारखी बारीक ओळ होती. वर मला भूक लागली.

"आत्याबाई, मी मरून काहून नाही राहिली?"

"ढोंड्या व्हय तो."

"तुमाले ठावं होतं?"

"मंग?"

"तं सांगतलं काहून नाही?"

नाल्याकडे पाहत, माझं डोकं मांडीवरून न उतरवता त्या म्हणाल्या, "तू पयल्यांदा मनातलं बोलून राहिली होती, म्हनलं बोलू द्या. शिकाचं हाय तं शीक. पोर राहीन माह्याजवळ. पन पुढच्या खेपी काही सांगाचं असन, तं मधात साप नको आनू."