फळ्यावरची पहिली चूक

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्या इतिहासाच्या सरांना ठाऊक नाही. आता सांगायला बसलोय खरा, पण आधी दुसरंच सांगावंसं वाटतंय — चालेल ना? त्यातला आनंद सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगताच येणार नाही.

मी पेडण्याजवळच्या एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवतो. सातवीचा वर्ग तुम्ही कधी पाहिलाय? प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. उत्तर येत नाही म्हणून नव्हे हो — चुकलं तर सगळे हसतील म्हणून. चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी फळ्यावर लिहिलं: अर्धा अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश. आणि म्हटलं, हे चूक आहे. पण लिहिणारा वेडा नव्हता, त्याने काहीतरी विचार केला असणार. काय केला असेल? दोघा-दोघांनी बसून शोधा.

पाच मिनिटं कुजबुज. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी जूनपासून एक अक्षर बोलली नव्हती, ती उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, अर्ध्या उंड्यात आनी थोडो उंडो घातलो, तर तो ल्हान कसो झालो?’’

उंडो म्हणजे आमच्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात देऊन जातो तो कडक पाव. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहूनही कमी! अर्धा पाव होता, त्यात आणखी घातला आणि पाव घटला — पोरीने बरोबर पकडलं होतं. आणि मग जो काही कल्ला झाला वर्गात! कोणी वहीत पाव काढतोय, कोणी पट्टीने तो कापतोय, दोघे जण वरचे आकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवले म्हणून असं झालं, हे एकमेकांना ओरडून सांगताहेत. घंटा झाली तरी कोणी उठेना. त्या दिवशी हळर्णच्या रस्त्याने घरी जाताना मी स्कूटरवर एकटाच हसत होतो. समोरून येणाऱ्यांना वाटलं असेल, सरांना काजूची फेणी चढली.

दिवाळीपर्यंत मुलं स्वतःच वह्या घेऊन दाराशी उभी राहू लागली — सर, आज माझी चूक घाला! चूक फळ्यावर लागावी म्हणून भांडणं, सांगा! मला तर शिकवायला नव्याने लागल्यासारखं झालं होतं. अजूनही होतं. आत्ता हे लिहिताना हात थांबत नाहीये.

थांबवतो. कारण आता ती बैठक आली.

महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या भागातल्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. पेडण्याचे आम्ही, डिचोलीचे काही. प्रत्येकाने आपल्या वर्गात जमलेली एक युक्ती सांगायची, इतरांनी ती महिनाभर करून बघायची, मग भाजी-पाव आणि चहा. चांगली पद्धत आहे, मी टिंगल करत नाहीये. त्या शनिवारी मी उभा राहिलो आणि रंगून सांगितलं. वह्या तपासताना एक चांगली चूक निवडा. नाव न घेता फळ्यावर लिहा. जोड्या करा. करणाऱ्याने काय विचार केला असेल ते शोधू द्या. टाळ्या पडल्या. डिचोलीकडची तन्वी टीचर, नोकरीला दोनच वर्षं झालेली, सगळं उतरवून घेत होती. तिने पानंच्या पानं भरली.

मी सांगितलेलं सगळं खरं होतं — एवढं सोडून, की ती चूक कोणाची होती.

ती माझी होती. माझ्या सातवीच्या वहीतली. मी सातवीत नापास झालो होतो, गणितात, आणि ते वर्ष मी पुन्हा काढलं होतं. आईने ट्रंकेत ठेवलेली ती वही मी त्या सकाळी वर्गात नेली आणि मुलांना दाखवली: बघा, हे तुमच्या सरांचं उत्तर. पहिले पंधरा दिवस फळ्यावर फक्त माझ्याच चुका होत्या. एखादं मूल आपण होऊन आपली चूक घेऊन येईपर्यंत कुठल्याच मुलाची चूक मी वर लावली नाही. सगळी करामत तिथेच होती! ते वगळून जे मी बैठकीत वाटलं, ती सोलं न घातलेली सोलकढी होती.

का नाही सांगितलं? मुलांसमोर जीभ अडली नाही, मग मोठ्यांसमोर का अडली? त्या खोलीत मी ‘गणिताचे सर’ होतो ना. सातवी नापास गणिताचे सर — हे त्यांच्या तोंडी जायला नको होतं. आणि सगळंच सांगायचं तर — इतरांच्या वर्गात ते माझ्याइतकं रंगू नये, असंही वाटलं होतं. हो, वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी तन्वीचा फोन आला. तिने एका मुलीच्या वहीतली तीच दोन पंचमांशाची चूक निवडली होती. नाव घेतलं नव्हतं, मी सांगितलं होतं तसंच केलं होतं. पण बाकावरच्या शेजारणीने वही पाहिलेली. मधल्या सुट्टीपर्यंत त्या पोरीचं नाव पडलं — टू बाय फाय. तिचे वडील सिंधुदुर्गातून खाणीच्या ट्रकवर कामाला आलेले, तिथे ती आधीच नवखी.

‘‘सर, ता चेडू चार दिस शाळेत येऊक नाय,’’ तन्वी म्हणाली. ‘‘तुमच्या वर्गात होता, माझ्याकडे होणा नाय. माझाच कायतरी चुकता.’’

एका वाक्याचं काम होतं. तुझं नाही गं, माझं चुकलं, मी अर्धंच सांगितलं. ते वाक्य अगदी ओठांवर होतं. आणि मी म्हणालो, ‘‘टीचर, तुझा वर्गावर वचक कमी पडतो. थोडी कडक हो.’’

तिने आभार मानले.

पोरगी परत आली, पण गणिताच्या वहीत काहीच लिहीना, हे मला पुढच्या बैठकीत कळलं. मी मान हलवली आणि चहा घेतला.

गेल्या महिन्यात एकमेकांचे तास बघायची पाळी होती आणि माझ्या वाट्याला तन्वीचा वर्ग आला. मी मागच्या बाकावर बसलो. ती आता कडक झाली आहे. तिने उत्तर फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवलं. चाळीस मिनिटांत एकही हात वर आला नाही. माझे हात शिवशिवत होते — उठावं, खडू घ्यावा, अर्धा पाव काढावा, या पोरांना काय मजा येईल! मी उठलो नाही. तास संपल्यावर तिने वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक वहीत तीच उत्तरं, तीच ओळ, सगळी बरोबर.

‘‘आता कोण चुकत नाय, सर,’’ ती म्हणाली. तुमच्यामुळे, असंही म्हणाली.

मी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘वर्गात शिस्त उत्तम. वह्या नीटनेटक्या.’ आणि खाली सही केली.