साडभाऊंची आडवी रेघ

राग सगळ्यांनाच येतो, पण आलेला राग शेवटच्या थेंबापर्यंत वापरणारा माणूस मी अख्ख्या वऱ्हाडात एकच पाहिला, आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोक रागावतात, दोन शिव्या देतात, चहा पितात आणि विसरून जातात. साडभाऊंना हे ताटात अन्न टाकून उठण्यासारखं वाटतं. ते रागावले की आधी चष्मा लावतात, मग कागद घेतात आणि अनुक्रमांक घालून राग लिहून काढतात. बँकेतलं पेन दोरीनं का बांधता, यावर त्यांचा अर्ज आहे. एसटीच्या खिडकीची काच वर जाते पण खाली येत नाही, यावर आहे. माझ्या लग्नात पंगतीला वरण आधी आलं आणि भात मागून आला, त्याचाही कागद माझ्या सासऱ्यांच्या कपाटात मी स्वतः पाहिला आहे. खाली सही, तारीख आणि ‘प्रत माहितीसाठी: वधूची आई’.

हे गृहस्थ अकोल्यात माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येणार, हे ती वाळवणार, चाळणार, यंत्राला लावणार आणि दिवसभरात काय झालं ते रजिस्टरमध्ये लिहिणार. यंत्र किती वाजता सुरू झालं, भट्टी किती तापली, लाइट केव्हा गेली, सगळं. तीस वर्षांत त्या रजिस्टरात त्यांनी एकदाही खाडाखोड केली नाही. चुकलं तर चुकीच्या शब्दावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. “खोडलेलं दिसलं पायजे,” ते म्हणत. “नाही दिसलं तं ते खोडनं नाही, लपवनं झालं.”

अशा माणसाच्या पुढ्यातून एके दिवशी रजिस्टर उचललं गेलं. सांगलीकडून बदलून आलेल्या नव्या मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी संगणकावरची नोंदवही सुरू केली. मॅडम हुशार होत्या आणि स्वभावानं सरळ होत्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं, की हे सॉफ्टवेअर कोणा एका कंपनीचं नाही, जगभरचे लोक मिळून ते करतात. ज्याला अडचण येईल त्यानं लिहून कळवायचं, आणि वापरणाऱ्यांच्या सूचनांवरूनच ते सुधारत जातं. बिचाऱ्या मॅडम! तक्रार लिहून कळवा, हे वाक्य आपण कोणापुढे बोलतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

माझी अमरावतीत राजापेठेला कॉम्प्युटरची शिकवणी आहे. पुढच्या रविवारी सकाळी साडभाऊ अकोल्याहून एसटीनं थेट तिथे हजर. फोन का केला नाही, असं विचारलं तर म्हणाले, “रागाचं काम फोनवर होत नाही, मास्तर. लिवा.” ते वऱ्हाडीत सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. पहिली तक्रार तारखेची. ते सॉफ्टवेअर महिना आधी लिहायचं आणि दिवस नंतर. साडभाऊ सांगू लागले, “त्याले विचारा, पाच जूनले आनलेली माती सहा मेले कशी वाळली? माती काय उलटी चालून राहिली?” मी सौम्य इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यांनी पडद्यावरच्या ओळी मोजल्या. “मी सात बोललो, तुमी दोन लिवल्या. अन् हे ‘प्लीज’ कायले? मी काय त्याची पोरगी मांगाले आलो?”

उत्तर आलं. कुठल्याशा बर्फाळ देशातला एक माणूस ते सॉफ्टवेअर सांभाळत होता. त्यानं आभार मानले आणि पंधरा दिवसांत तारीख सरळ करून टाकली. कोणत्याही अर्जाचं असं काही होऊ शकतं, याचा साडभाऊंना इतका धक्का बसला की एक रविवार ते आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र चार तक्रारी घेऊन आले. त्यातली एक लाइटीची होती. नोंद लिहिता लिहिता लाइट गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. बर्फाळ देशातल्या माणसानं नम्रपणे कळवलं, की असं क्वचितच घडत असावं. “क्वचित?” साडभाऊ खुर्चीतून उठले. “इकडं येऊन राह्य म्हना आठ दिवस! एप्रिलात ये म्हना!” आणि त्यांनी महिनाभरात लाइट कधी गेली, कधी आली, याचा तक्ता स्वतः आखून त्याला पाठवला. मग दर मिनिटाला नोंद आपोआप जपून ठेवायची सोय झाली. आज कुठकुठल्या देशांतल्या प्रयोगशाळांत ती सोय वापरली जाते आणि ती अकोल्याच्या लाइटीनं दिलेली आहे हे कोणाच्या गावीही नाही, याचा मला अजून संताप येतो.

एकदा दीड महिना उत्तर आलं नाही. साडभाऊंनी स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र आणि ‘अंतिम’ असं वर लिहिलेलं तिसरंही पाठवायला लावलं. शेवटी उत्तर आलं, की माझे वडील दवाखान्यात होते, माफ करा, आणि हे काम मी नोकरी सांभाळून फावल्या वेळात करतो. मी ते मराठीत सांगितलं.

“फावल्या वेळात? पगार नाही त्याले?”

“नाही. फुकट करतो.”

“मंग हे आदी काहून नाही सांगतलं?” ते माझ्यावरच ओरडले. “फुकट काम करनाऱ्या मान्साले मी अंतिम स्मरनपत्र धाडलं!” ते तरातरा खिडकीपर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, “लिवा. बापाची तब्येत आता कशी हाय.” त्यानंतरच्या प्रत्येक तक्रारीची पहिली ओळ तीच असे.

हे इतकं सुरळीत चाललेलं असताना यंत्राचं प्रकरण झालं. मातीतलं पोटॅश मोजायचं यंत्र एका दुपारी बिघडलं, आकडे स्थिर राहीनात. साडभाऊंनी नोंद केली, की काटा हलून राहिला, आजचे नमुने उद्या पुन्हा लावावे. काही दिवसांनी अकोटकडचे एक संत्रा बागायतदार दोन अहवाल घेऊन तावातावानं आले. एकाच बागेतली माती, मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध, आणि एका अहवालात पोटॅश भरपूर तर दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. मॅडमनी त्या दिवसाची नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं, ‘यंत्र ठीक’. खाली साडभाऊंचं नाव.

त्यांना मेमो मिळाला. तीस वर्षांतला पहिला. दुसऱ्यांच्या चुकांवर आयुष्यभर कागद लिहिणाऱ्या माणसाच्या हातात त्याच्याच चुकीचा कागद आला. साडभाऊंनी शपथेवर सांगितलं, की हे मी लिहिलेलं नाही. मग कोणी लिहिलं? दुसऱ्याची नोंद बदलायचा अधिकार फक्त मॅडमना होता. साडभाऊंनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि त्या दिवसापासून मॅडमशी बोलणं बंद केलं. दीड वर्ष! दोघांच्या मधे दोन टेबलं, आणि व्यवहार सगळा नोंदवहीतून. ‘सकाळी अकरा: मॅडमच्या खिडकीतून ऊन येऊन नमुने तापतात.’ खाली मॅडमची नोंद, ‘अकरा पाच: खिडकी लावली.’ ऑफिसातले लोक हसायचे. एक कारकून तर ‘म्हातारं चुकलं अन् आता मान्य करत नाही’ असं चहाच्या टपरीवर मोठ्यानं बोलायचा. घरी ताई, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, की हे जेवता जेवता थांबतात आणि ‘मी नाही लिवलं’ असं वरणाला सांगतात.

पण राग वाया घालवायचा नाही हा त्यांचा नेम. रविवारी आले ते एकच मागणी घेऊन. “बापाची तब्येत विचारा, अन् मंग लिवा. ह्या वहीत आडवी रेघ पायजे. कोनी बदललं, कवा बदललं, आदी काय होतं, सारं दिसलं पायजे.” यावर त्या सॉफ्टवेअरच्या चर्चेत देशोदेशीचे लोक उतरले. एकानं लिहिलं, की जुन्या चुका अशा उघड्या राहिल्या तर लोकांना लाज वाटेल. मी हे सांगताच साडभाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले, “वाटलीच पायजे! त्याच्यासाठीच तं मांगून राहिलो!” या वेळी मी एकही शब्द सौम्य केला नाही. माझाही संताप झाला होता. सोबत त्यांनी जुन्या रजिस्टरातल्या एका पानाचा फोटो धाडला. निळ्या शाईतला एक शब्द, त्यावर आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख. बर्फाळ देशातल्या माणसानं उत्तर दिलं, की मला मराठी वाचता येत नाही, पण हे पान मला समजलं.

जवळजवळ दीड वर्षानं रेघ आली. सोबत त्यानं आणखी एक सोय केली होती. संगणक रोज रात्री वहीची जी प्रत आपोआप ठेवतो, त्या जुन्या प्रती आणि कोण केव्हा वहीत शिरलं याची यादी ताडून पाहून मागचे बदलही दाखवता येणार होते. साडभाऊंनी लेखी मागणी केली, की हे सगळ्यांसमोर उघडावं. मॅडमनी नोंदवहीत उत्तर दिलं, ‘अवश्य. सोमवारी अकरा वाजता.’ साक्षीदार म्हणून मला अकोल्याला नेलं. साडभाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि निघताना देवाला नमस्कार केला होता, जो ते एरवी करत नाहीत.

मॅडमनी ती तारीख उघडली. पडद्यावर ओळ आली: ‘काटा हलून राहिला. आजचे नमुने उद्या पुन्हा लावावे.’ तिच्यावरून आडवी रेघ. साडभाऊंनी विजयानं माझ्याकडे पाहिलं. खाली दुसरी ओळ होती: ‘नळी साफ केली. यंत्र ठीक.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात बदल करणाऱ्याचं नाव, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीसची वेळ.

नाव साडभाऊंचंच होतं.

सगळ्यांच्या आधी ते मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी पटकन हात पुढे केला. “भाऊ, राहू द्या. हे आपण नंतर बघू.”

“हात नका लावू, मॅडम.”

दीड वर्षांतले हे त्यांचे पहिले शब्द. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मलाही तोवर उमगलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळी साफ केली, यंत्र खरंच ठीक झालं आणि ते लिहायला त्यांनी नवं पान उघडण्याऐवजी कालचंच उघडलं. कागदावर त्यांचा हात आपोआप खालच्या ओळीवर गेला असता. इथे खालची ओळ नव्हती. नवं लिहिलं, जुनं नाहीसं झालं, त्यातच नमुने पुन्हा लावायची सूचनाही गेली, आणि कालचे बिघडलेले आकडे ‘ठीक’ म्हणून बाहेर गेले.

मागून तो कारकून फिसकन हसला. साडभाऊंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“हे माहंच हाय,” ते म्हणाले. “‘नळी साफ केली’ असं ह्या ऑफिसात दुसरं कोनी लिवत नाही. कोनी नळी साफच करत नाही.” मग आवाज खाली आला. “मॅडम, दीड वर्स तुमाले खोटं समजलो. माफी मांगतो.”

मॅडमचे डोळे भरून आले होते. “चूक माझीही आहे, भाऊ. मेमो टाइप करण्याआधी मी तुमच्या टेबलापर्यंत चालत यायला हवं होतं.”

“मंग तेबी लिवा,” साडभाऊ म्हणाले. आणि तिथेच दोघांनी एकाखाली एक आपापली चूक नोंदवली. पुढच्या आठवड्यात साडभाऊ रजा टाकून मोटारसायकलवर अकोटकडच्या त्या बागेत गेले, बागायतदारासमोर उभे राहून सगळं सांगितलं आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची माती स्वतःच्या हातानं उकरून आणली.

रविवारी आले तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस खचला. पण त्यांनी चष्मा लावला. “लिवा. रेघ बरोबर चालते. माह्यावरच तपासून पाह्यली.” बर्फाळ देशातून दोनच शब्द आले, की वाईट वाटलं. त्यावर साडभाऊ खवळले. “त्याले काहून वाईट वाटते? त्याचं काय चुकलं? सांगा त्याले!” मी सांगितलं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता ऑफिस नाही, नोंदवही नाही, तक्रार नाही. अमरावतीला येतात ते ताईंना बहिणीकडे सोडायला. शिकवणीत येऊन बसतात आणि कसं चाललंय विचारलं तर ‘ठीक हाय’ म्हणतात. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले की माझा जीव कासावीस होतो. तीस वर्षं मातीचा खरा आकडा सांगणारा माणूस, आणि निरोप समारंभात त्याला काय दिलं, तर भिंतीवरचं घड्याळ! ते दोन मिनिटं मागे पडतं, आणि त्याच्यावरसुद्धा त्यांनी अर्ज केलेला नाही.

मागच्या महिन्यात त्या सॉफ्टवेअरच्या चर्चेत एका अनोळखी बाईचं पत्र दिसलं. कुठल्यातरी डोंगराळ भागातल्या छोट्या दवाखान्यात रक्त तपासणारी ती बाई. तिनं लिहिलं होतं, की ज्यानं कोणी आडवी रेघ सुचवली त्याचे आभार, तिच्यामुळे आमच्याकडे एका बाळंतिणीचा नोंदीत चुकून बदलला गेलेला रक्तगट वेळेत लक्षात आला. मी लगेच अकोल्याला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

“बरं. अन् तिची तक्रार काय हाय?” साडभाऊंनी विचारलं.

“तक्रार नाही, भाऊ. आभार मानलेत.”

“आभारच?”

“आभारच.”

पलीकडे ताईंनी कोणाचा फोन म्हणून विचारलं, त्यांना त्यांनी हळूच ‘थांब’ म्हटलेलं ऐकू आलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

“मास्तर,” ते म्हणाले, “वाचा बरं पुन्हा एकडाव. सावकाश वाचा.”