गवतातला सांधा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं सगळं तिला ठाऊक असतं, असं ती म्हणते.

तसं माझं बरं चाललंय. अलिबागजवळ घर, मागे पांढऱ्या कांद्याचे दोन वाफे, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मनात खोटं असलेल्या माणसाला झोप लागत नाही म्हणतात. मला लागते. तेही सांगून टाकतो.

वनस्पतीच्या पेशीत केंद्रकाखेरीज आणखी दोन ठिकाणी डीएनए असतो — हरितलवकात आणि तंतुकणिकेत. गवतांच्या लांबलचक इतिहासात हरितलवकाच्या डीएनएचे तुकडे तंतुकणिकेत जाऊन कायमचे बसले. भातात आहेत, मक्यात आहेत. आमच्या खाऱ्या बांधांवरच्या एका गवतात मात्र असा एकही तुकडा नाही, असं मी छापलं होतं. त्यावरच तर माझं नाव झालं — लहानसं, पण झालं.

सुगंधा माझी संशोधक विद्यार्थिनी, खारेपाटातल्या भातशेतकऱ्याची मुलगी. तिचं काम त्याच गवतावर. नमुन्यात हरितलवकाच्या डीएनएची भेसळ नको, आणि अंधारात हरितलवक नीट तयार होत नाही, म्हणून तिने रोपं घरी टोपलीखाली, अंधारात वाढवली. पिवळीधमक. "आई म्हणते, तुझ्या गवताला हलद लागली गो," ती हसून सांगायची.

मग एका दुपारी तिने कागद पुढे ठेवला. "सर, हा सांधा बघा. दोन्ही बाजूंना तंतुकणिकेचा डीएनए, मध्ये हरितलवकाचा. सलग. भेसळ असती तर जोडलेला कसा असता?"

तिचं बरोबर आहे, माझाच निबंध चुकलाय, हे मला कळलं होतं — नंतर नाही, तेव्हाच. मी कागद पालथा ठेवला. म्हणालो, "भेसळच आहे. हे प्रकरण काढून टाक."

तिने वाद घातला नाही. "माझाच हात स्वच्छ नसेल," एवढंच म्हणाली. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण गेलं. उरलेल्यावर पदवी मिळाली. पुढच्या संशोधनाला मात्र कुणी घेतलं नाही. आता ती बोर्ली पंचतनला शाळेत विज्ञान शिकवते. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करते. "पोरांना सांगते सर, हात दोनदा धुवा, माझ्यासारखी भेसळ करू नका." ती हसते. आणि मी? मीही हसतो.

तिची चूक नव्हती, हे तिला सांगायचं आहे. माझा निबंध चुकीचा होता, हे त्याच नियतकालिकात तिच्या नावानिशी छापायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.