दारूबंदीच्या रविवारचा रस

आयुष्यात मी एकदाच दारू प्यायले, आणि तीही देवळात, वेदीपुढे उभी राहून, दारूबंदीच्या रविवारी. (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. भुवया उंचावायच्याच असतील तर त्या दारूसाठी राखून ठेवा.)

साठ-एकसष्ट साल असेल. यवतमाळात आमचं घर देवळाच्या आवारातच होतं. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर आणि देवळाच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. म्हणजे जगातलं लिहिण्याचं जे काही असेल ते हे लिहीत, आणि उरलेलं सगळं मी करी. विहिरीचं पाणी, पाच पोरांची डोकी, महिला सभेतली प्रार्थना, प्रार्थना संपल्यावरचं भांडण, आणि आमच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे, आलेला पाहुणा! तो उतरायचा त्यांच्याकडे आणि जेवायचा आमच्याकडे. हे कसं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. स्वभावाने मी तापट. मीच कबूल केलं की दुसऱ्या कुणाला सांगायला काही उरत नाही.

पण एक काम माझं स्वतःचं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असे. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रत्येकाला भाकरीचा एक तुकडा आणि इवल्याशा पेल्यातून रसाचा एक घोट. आमच्या मंडळीत दारू म्हणजे पाप, तेव्हा वेदीवर वाईन चालायची नाही, साधा रसच लागे. आणि यवतमाळात द्राक्षं कुठली? मी शनिवारी मनुका भिजवी, एकेक बी काढी, कुस्करून उकळी आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेई. घरात मी केलेलं सगळे नाक मुरडून खात. ह्यांना वरणात मीठ कमी, पोरांना रोज तीच भाजी. हा रस मात्र लोक गुडघे टेकून घेत! ते काम माझ्या हातून गेलं असतं तर माझ्याकडे फक्त वरण उरलं असतं.

आणि ते काढून घ्यायला टपून बसली होती पाळकबाई, पाळकसाहेबांची बायको. येता-जाता गोड आवाजात विचारायची, "मास्तरीनबाई, पाच लेकरं, त्यात हे काम. झेपत नसंल तं मी करीन जी रस."

"झेपते मले," मी म्हणे, आणि घरी येऊन कणीक अशी तिंबी की पोळ्या मऊसूत व्हायच्या.

त्या मे महिन्यात आमच्या सगळ्या मंडळ्यांचे वरिष्ठ, सुपरिंटेंडेंट साहेब, लांबून यायचे ठरले. आमच्याकडे नुकती दारूबंदी आलेली, पोलिस नाल्यानाल्याने मोहाच्या भट्ट्या फोडत हिंडत होते. साहेब दारूबंदीवर उपदेश करणार आणि स्वतःच्या हाताने प्रभुभोजन देणार होते. मी दुप्पट मनुका आणल्या. साहेब शहरातले, त्यांना गोड लागावा म्हणून रसात गुळाचा चांगला मोठा खडाही विरघळवला. शनिवारी संध्याकाळी रस गाळून ठेवते न ठेवते, तोच तार आली.

"साहेबाले ताप आला. पुढच्या रविवारी येतात," हे म्हणाले.

"अन् माया रस?"

ह्यांनी तार पुन्हा एकदा वाचली. "रसाचं इथं काही लिहिलं नाही."

माझं टाळकंच सरकलं! दिवसभर बिया काढून बोटांची साल निघालेली. आणि प्रभुभोजन साहेबांच्याच हातून व्हायचं, म्हणून तेही आठवडाभर पुढे ढकललेलं. फेकून देऊ? मुळीच नाही! माठात रस गार राहतो एवढी अक्कल मला होती. मी रस माठात भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि माठ खाटेखाली अंधारात सरकवला. मोहाच्या भट्टीवाल्यानेही नेमकं हेच केलं असतं. फरक एवढाच, की आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक असतं! माझ्या माहेरी दोन पिढ्या ख्रिस्ती आणि व्यसनमुक्त, दारूचा वास कसा असतो तो मी कधी घेतलाच नव्हता.

मंगळवारी माझी थोरली, एस्तेर, खाटेवर बसून पाढे म्हणत होती. मध्येच थांबली.

"माय, माठ बोलून राह्यला!"

"माठ नाही बोलत, तुयंच तोंड बोलते! पाढे म्हन!"

गुरुवारी फडकं फुगून वर आलं आणि माठातून फेस उतू जायला लागला. फेस! मी पाचही पोरांना रांगेत उभं केलं. "साबन कोनं टाकलं यात?" मग मी सगळ्यांना सारखं धोपटलं. (आज ती पाचही जणं आजी-आजोबा व्हायला आली आहेत आणि मी अजून माफी मागितलेली नाही.) फेस काढून टाकला. वास जरा आंबूस वाटला, म्हणून आणखी एक गुळाचा खडा आत सोडला. चाखला मात्र नाही. आशीर्वाद मिळण्याआधी रस चाखायचा नाही, हा नियम माझाच होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

रविवारी साहेब आले. ऊन असं, की देवळाच्या टिनाखाली आम्ही सगळे शिजत होतो. साहेबांनी दारूवर पाऊण तास उपदेश केला. दारूने घर कसं जातं, शेत कसं जातं, अब्रू कशी जाते. आम्ही सगळे माना डोलावत होतो, कारण ते दुसऱ्यांविषयी चाललं होतं. मग साहेब वेदीकडे वळले आणि रिवाजाप्रमाणे पहिला पेला स्वतः घेतला. घेतला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ उघडलेच नाहीत. काय ही भक्ती, असं म्हणून मला भरून आलं.

पाळकसाहेब खोकले. पंचांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली. देवळाची घंटा वाजवणारे लाजरसकाका (जन्मात थेंबाले शिवलो नाही, अशी साक्ष ते दरवर्षी उभे राहून देत) पेला घेऊन उठले, मागे जाऊन पुन्हा रांगेत लागले आणि दुसऱ्यांदा गुडघे टेकून बसले! कुणी एक शब्द बोललं नाही. आता मला कळतं का ते. ज्यांना चव ठाऊक नव्हती त्यांना वाटलं रस नासला. ज्यांना ठाऊक होती ते बोलणार कसे? कशी ठाऊक, असं कुणी विचारलं असतं म्हणजे!

उपासना संपली. पेले भरता भरता माझा स्वतःचा घोट राहूनच गेला होता. मी वेदीपाशी पेले गोळा करत होते, तेवढ्यात पाळकबाई आलीच. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मास्तरीनबाई, रस बिघडला जी तुमचा. मी म्हनत होती ना, तुमच्याच्यानं होत नाही."

"कोन म्हन्ते बिघडला?"

"जीभ पोळली मायी!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. जन्माचा जोडीदार! हे आपल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "जरासा... तिखट होता."

रस, आणि तिखट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे वेदीवरचा उरलेला रस घरी न्यायचा नाही आणि ओतायचाही नाही, तिथेच संपवायचा, अशी रीत. तांब्याभर उरला होता. "बिघडला काय? पाहा मंग!" म्हणून मी तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. घशातून आग उतरत गेली, पण मला वाटलं, ही माझ्या रागाचीच.

पुढचं मी ऐकीव सांगते, कारण मला स्वतःला त्यातलं निम्मंच आठवतं. मी म्हणे पदर खोचला आणि उपदेशाच्या चौथऱ्यावर चढले. पाळकबाईला सांगितलं, की तुमच्या लोणच्याला बुरशी येते तेव्हा मी देवळात बोंब मारते का? पाळकसाहेबांना सांगितलं, बायबलातल्या घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराचा उपदेश यंदा तिसऱ्यांदा झाला, त्या पोराले आता घरी बसू द्या! साहेबांना सांगितलं, पाऊण तासात माझी दहा माणसांची भाकर होते. ह्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्या मंडळीला म्हटलं, "याईले इचारा, घरात तेल कुठं असते! इचारा!" ह्यांना ते खरंच माहीत नव्हतं. मग भर मे महिन्यात मी नाताळचं गीत सुरू केलं, दुसऱ्या कडव्याला खाली बसले आणि उठेचना.

"बाईले चढली!" लाजरसकाका आनंदाने ओरडले.

सगळं देऊळ त्यांच्याकडे वळलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुले कसं मालूम?"

"ऊन जी, ऊन! ऊन लागलं बाईले!" म्हातारा घाईघाईने म्हणाला, आणि साहेबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

संध्याकाळी पंच कमिटी बसली. मला बोलावलं होतं. पाळकबाई न बोलावता आली होती. मी डोक्याला ओलं फडकं बांधून कोपऱ्यात बसले. आता काम जाणार, हे मला दिसत होतं. मला रडू येत होतं, आणि रडू येतं याचा भयंकर राग येत होता. मी काय चुकीचं केलं होतं? रस जपून ठेवला, हेच ना!

साहेब घसा खाकरून म्हणाले, "झालं ते उन्हामुळे झालं." सगळे एका सुरात 'आमेन' म्हणाले. "परंतु यापुढे रस आदल्या दिवशी चाखल्याशिवाय वेदीवर येता कामा नये. तो आंबलेला आहे की नाही, हे ज्याला चवीवरून ओळखता येतं, त्याच्याचकडे हे काम राहील. कोणाला ओळखता येतं?"

पंच खालच्या फरशीचा अभ्यास करू लागले. लाजरसकाका घंटेचा दोर पाहून येतो म्हणून बाहेर गेले. पाळकबाईची संधी आली होती! ती लगबगीने उठली. "मले येते..."

"तुले कुठून येते?" पाळकसाहेबांनी विचारलं.

पाळकबाई बसली. मग साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "मास्तरीणबाई, तुम्हाला?"

"येते!" मी उसळून उभीच राहिले. "काहून नाही येनार? तांब्याभर पेली मी!"

काम माझ्याकडे राहिलं. ऊन लागलेल्या बाईने भर सभेत दारू कबूल केली आहे, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तोवर ठराव लिहून झाला होता. मंडळीच्या वहीत तो आजही आहे: 'रसाचे काम पूर्ववत मास्तरीणबाईंकडे राहावे, कारण सबंध मंडळीत या विषयाचा अनुभव असलेल्या त्या एकट्याच आहेत.' एकमताने मंजूर. अक्षर वळणदार, आमच्या ह्यांचं. आणि 'एकट्याच'च्या खाली दोन रेघा आहेत, त्या मारायला कमिटीने सांगितलं नव्हतं!