वरचा पापुद्रा

मकरंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. "आई गेली गं... सकाळी, झोपेतच." मी म्हणाले, "ओके." चक्क ओके! मग पुन्हा मीटिंगमध्ये जाऊन माझं काम कुठवर आलंय तेही सांगितलं. त्याला सहा आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. दाढ काढल्यावर गाल असतो, तसं आत सगळं बधिर आहे.

सुमनकाकू म्हणजे ट्रॉयमधल्या माझ्या शेजाऱ्याची, मकरंदची आई. काका गेल्यावर साताऱ्याहून मुलाकडे आल्या. इथे अमेरिकेत गाडी चालवता न येणारा माणूस म्हणजे घरातलं एक कपाटच. म्हणून दर शनिवारी सकाळी मी त्यांना बाहेर काढायची. असंच एकदा कोपऱ्यावरच्या जपानी बेकरीत शिरलो. तिथे ट्रे आणि चिमटा घेऊन पाव आपणच उचलायचे. काकूंनी चिमटा दोनदा वाजवून पाहिला. "बरा आहे गं, फुलके भाजायला." जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई, म्हणून लगेच पुढचा प्रश्न आला, "यात अंडं नाही ना?" "नाही हो काकू," मी ठोकून दिलं. विचारायचा कंटाळा, दुसरं काय! काकूंनी अनपान नावाचा गोल पाव मोडला. आत लाल डाळीचं गोड सारण. "अगं, हे तर पुरणच! वेलदोडा तेवढा विसरलेत."

पुढच्या शनिवारी मी काउंटरवरची पाटी वाचली. पावावरची चकाकी अंड्याची होती. काकू खिडकीजवळच्या टेबलावर माझी वाट बघत बसल्या होत्या. सांगायला हवं होतं... पण पोटात गेलं ते गेलं, आता सांगून त्यांच्या जिवाला कशाला घोर, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती तीन वर्षं घालत राहिले. काकूंनीही थोड्याच दिवसांत एक सवय लावून घेतली. पावाचा वरचा चकचकीत पापुद्रा अलगद सोलायचा आणि माझ्या बशीत ठेवायचा. "हे तू खा. माझ्या दातांना चिवट लागतं."

परवा शनिवारी गाडी आपसूक तिकडेच वळली. मी सवयीने दोन अनपान घेतले. बेकरीच्या मालकीणबाईंनी विचारलं, "युअर मम्मी?" मी सांगितलं. त्या चिमटे पुसायच्या थांबल्या. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, सुरुवातीलाच एकदा मी बाहेर फोनवर बोलत असताना काकूंनी त्यांना गाठलं होतं. "एग?" एवढंच विचारलं. बाईंनी ब्रश फिरवल्यासारखा हात करून दाखवला. "ओन्ली टॉप. इनसाइड, नो एग." काकूंनी काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

म्हणजे मी खोटं बोलले हे त्यांना ठाऊक होतं. काय पोटात गेलंय हेसुद्धा. दिवाळीत याच बाई कडक चकल्या कुडुमकुडुम खायच्या, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला लाज वाटली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

खिडकीजवळच्या टेबलावर बसले. काकूंच्या पावाचा पापुद्रा सोलून माझ्या बशीत ठेवला. आतलं पुरण सावकाश खाल्लं. मग पापुद्रा उचलला, तोंडात घातला... तो काही केल्या घशाखाली उतरेना.